नदीत सापडलेलं निशाण : ब्रेकनच्या 24व्या पलटणीचं प्रकरण

वेल्समधल्या ब्रेकन या डोंगराळ भागातल्या छोट्या गावात एक जुनं दगडी कॅथेड्रल आहे. त्याच्या हॅवर्ड चॅपल नावाच्या भागात एक रेशमी निशाण जपून ठेवलं आहे. कापड विरलेलं, रंग उडालेले. 1879 च्या जानेवारी-फेब्रुवारीत हे निशाण तेरा दिवस आफ्रिकेतल्या एका नदीच्या पाण्यात पडून होतं. ते वाचवायला निघालेले दोन्ही अधिकारी मेले, आणि ज्या छावणीतून ते निघालं तिथे ब्रिटिश फौजेच्या 24व्या पलटणीचे सुमारे 600 लोक एका दुपारी कापले गेले.

प्रश्न दोन आहेत. एवढ्या मोठ्या पराभवाची खूण पलटणीने आपला सर्वात मोलाचा ठेवा म्हणून का जपली? आणि ज्या दिवशी ही लढाई झाली, त्या दिवशी या पलटणीच्या नावात वेल्सचं नावसुद्धा नव्हतं. मग तो वेल्सचा वारसा कसा झाला?

पहिला प्रश्न मराठी माणसाला फार समजावून सांगावा लागत नाही. ‘पानिपत झालं’ असं आपण आजही परीक्षेपासून निवडणुकीपर्यंत म्हणतो, आणि म्हणताना त्यात लाज कमी, हळहळ जास्त असते. दुसरा प्रश्न मात्र खास ब्रिटिश फौजेचा आहे, आणि त्याचं उत्तर बरंचसं कागदपत्रांत सापडतं.

निशाण म्हणजे काय

फौजेत याला ‘कलर’ म्हणतात. ब्रिटिश पायदळाच्या बहुतेक बटालियनकडे, म्हणजे पलटणीच्या (रेजिमेंटच्या) तुकड्यांकडे, दोन कलर असत: एक राजाचा किंवा राणीचा, दुसरा रेजिमेंटचा. बंदुकांच्या धुरात आपली फळी कुठे आहे हे शिपायाला कळावं, हा मूळ उपयोग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तो उपयोग जवळजवळ संपला होता, पण मान वाढत गेला. कलर शत्रूच्या हाती जाणं ही पलटणीची बेअब्रू. आपल्याकडे जरीपटक्याला जो मान होता, त्याच जातीची ही गोष्ट.

24व्या पलटणीला ही बेअब्रू ठाऊक होती. आणि ती तिने हिंदुस्थानात चाखली होती.

केंट, वॉरिकशर, पंजाब

ही पलटण 1689 मध्ये सर एडवर्ड डेरिंग यांनी उभी केली, ती इंग्लंडच्या केंट परगण्यात. स्पेनच्या वारसायुद्धाच्या सुरुवातीला नामवंत इंग्रज सेनापती मार्लबरो स्वतः तिचे कर्नल होते. 1751 मध्ये पलटणींना क्रमांक मिळाले तेव्हा हिला 24 आला. 1782 मध्ये परगण्यांची नावं जोडली गेली, आणि हिच्या वाट्याला वॉरिकशर आलं: ‘24वी (दुसरी वॉरिकशर) पायदळ पलटण’. 1801 च्या इजिप्तच्या मोहिमेबद्दल बिल्ल्यावर स्फिंक्स आला. हा स्फिंक्स लक्षात ठेवा, तो पुढे भेटेल.

13 जानेवारी 1849. दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धात झेलमजवळच्या चिलियानवाला इथे संध्याकाळ होत आली असताना इंग्रजी फौज झुडपांच्या जंगलातून शीख तोफांवर चालून गेली. 24वी पलटण कॉलिन कॅम्पबेल यांच्या डिव्हिजनमध्ये होती. गोळी न झाडता, फक्त संगिनींच्या बळावर तोफा घ्यायच्या, असा हुकूम होता. पलटण एवढ्या वेगाने पुढे गेली की दोन्ही बाजूंच्या देशी पलटणी मागे राहिल्या. तोफांपर्यंत पोचली, आणि तिथेच मोडली. 500 हून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. ब्रिगेडियर पेनिक्विक मारले गेले, आणि त्यांचा सतरा वर्षांचा एन्साइन (सर्वात कनिष्ठ अधिकारी) मुलगाही त्याच मैदानात पडला. पलटणीचे कर्नल ब्रुक्स गेले. त्या गोंधळात राणीचा कलर नाहीसा झाला. रेजिमेंटचा कलर तेवढा वाचला.

पानिपतानंतर पेशव्यांना आलेल्या पत्रातले ते मोत्यांचे, मोहरांचे आणि खुर्द्याचे शब्द मराठी वाचकाला पाठ आहेत. 24व्या पलटणीचा हिशेबही त्याच पद्धतीने मांडला गेला. अधिकाऱ्यांची नावं राहिली, शिपायांचा आकडा राहिला.

पुढे ही पलटण आपल्या समुद्रात पुन्हा एकदा दिसते. मे 1867 मध्ये अंदमानातल्या लिटल अंदमान बेटावर एका जहाजाच्या खलाशांचा शोध घ्यायला गेलेली तुकडी किनाऱ्यावर अडकली. समुद्र खवळलेला. दुसऱ्या बटालियनच्या चार शिपायांनी आणि असिस्टंट सर्जन डग्लस यांनी लाटांमधून पुन्हा पुन्हा होडी घालून 17 जणांना सोडवलं. पाचही जणांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळालं, समोर शत्रू नसताना मिळालेलं. त्या चार शिपायांपैकी एकाचं नाव विल्यम ग्रिफिथ्स. त्याच्याकडे शेवटी परत येऊ.

ब्रेकनशी नातं जुळलं ते 1873 मध्ये, आणि तेसुद्धा युद्धखात्याच्या फाइलीतून. फौजेच्या फेररचनेत प्रत्येक पलटणीला भरतीसाठी ठरावीक मुलूख आणि कायमचा डेपो द्यायचा ठरलं. 24व्या पलटणीला ब्रेकनची बराक मिळाली. नाव वॉरिकशरचंच राहिलं. म्हणजे केंटमध्ये जन्म, वॉरिकशर नावात, आणि पत्ता वेल्सचा. सरकारी कारभाराची सवय असलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

साताऱ्याहून नाताळला

हे निशाण नदीत गेलं ते 1879 च्या झुलू युद्धात, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या सीमेवर. ते युद्ध का झालं हे बघताना एक ओळखीचा माणूस समोर येतो, आणि इथे थोडं थांबायलाच हवं.

सर बार्टल फ्रिअर. 1848 मध्ये साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले तेव्हा हे तिथले रेसिडेंट होते. महाराजांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक मान्य करावा, असं फ्रिअरनी सरकारला कळवलं. डलहौसीने ऐकलं नाही, संस्थान खालसा केलं, आणि त्याचा कारभार बघायला कमिशनर म्हणून बसवलं ते फ्रिअरनाच. साताऱ्यात ही व्यवस्था लागत होती त्याच 1849 च्या सुरुवातीला 24वी पलटण चिलियानवालात कापली जात होती. पुढे 1862 ते 1867 फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर. मुंबईच्या कोटाच्या भिंती त्यांच्याच अमदानीत उतरवल्या.

1877 मध्ये हेच फ्रिअर दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून आले. तिथल्या वसाहतींचं एक संघराज्य बांधायचं काम त्यांच्यावर होतं, आणि त्यांच्या मते त्या वाटेतला मोठा अडसर म्हणजे राजा सेट्शवायोचं स्वतंत्र झुलू राज्य. 11 डिसेंबर 1878 रोजी त्यांनी झुलूंना निर्वाणीचा खलिता दिला. त्यात झुलू लष्करी व्यवस्थाच मोडून टाकण्याची अट होती. कुठलाही राजा ती मान्य करून गादीवर राहू शकला नसता. लंडनला तेव्हा हे युद्ध नको होतं. अफगाणिस्तानचं युद्ध नुकतंच सुरू झालं होतं. पण तार आणि टपाल यांच्या संथ वेगाचा फायदा घेऊन फ्रिअरनी गोष्ट पुढे रेटली. परक्या राज्याच्या वारसाहक्काची बाजू घेणारा माणूस तीस वर्षांनी दुसरं राज्य मोडायला निघाला, याचं मला तरी अजून कोडं आहे. हुद्दा वाढला की न्यायाची जागा योजना घेते, एवढंच त्यावर सुचतं.

22 जानेवारी 1879

सेनापती लॉर्ड चेम्सफर्ड यांनी फौज तीन वाटांनी झुलू मुलखात घातली. मधल्या वाटेवर 24व्या पलटणीच्या दोन्ही बटालियन होत्या. एकाच पलटणीच्या दोन्ही बटालियन एका मोहिमेत असणं दुर्मीळ. पलटणीच्या परंपरेत अशी आठवण सांगतात की सरहद्द ओलांडण्याच्या सुमारास, चिलियानवालाच्या तिसाव्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने, दोन्ही बटालियनचे अधिकारी एकत्र जेवायला बसले आणि ‘या खेपेला तरी नशीब बरं निघो’ अशा अर्थाचा टोस्ट झाला.

20 जानेवारीला छावणी पडली ती इसान्डल्वाना नावाच्या एकाकी डोंगराच्या पायथ्याशी. मैदानातून उठलेल्या त्या खडकाचा आकार बसलेल्या स्फिंक्ससारखा. शिपायांनी आपल्या कॉलरवरचा बिल्ला बघितला, समोरचा डोंगर बघितला, आणि दोन्हींतलं साम्य त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

छावणीभोवती खंदक नाही, गाड्यांचा कोट नाही. जमीन खडकाळ, मुक्काम चार दिवसांचा, आणि शत्रू भाल्यांचा. अशा तीन समजुती एकत्र आल्या. 22 तारखेच्या पहाटे झुलू फौज दुसरीकडे दिसल्याच्या बातमीवर चेम्सफर्ड जवळपास निम्मी फौज घेऊन निघून गेले. छावणीत सुमारे 1,700 माणसं उरली. त्यांत पहिल्या बटालियनच्या पाच कंपन्या आणि दुसऱ्या बटालियनची एक. ताबा लेफ्टनंट कर्नल हेन्री पुलेन यांच्याकडे. हा माणूस कारभारात हुशार, लढाईत कोरा.

खरी झुलू फौज, 20,000 च्या आसपास, काही मैलांवर एका दरीत शांत बसली होती. न्ट्शिंग्वायो कामाहोले हा वयस्कर सरदार तिचा मुख्य सेनापती. अमावास्या होती, आणि अशा दिवशी लढणं झुलूंना अशुभ. म्हणून त्या दिवशी चाल करायचा त्यांचा बेत नव्हता. पण गुरांचा पाठलाग करत गेलेली घोडेस्वारांची एक टेहळणी तुकडी थेट दरीच्या काठावर पोचली. खाली बघते तो हजारो माणसं गप्प बसलेली. मग कोण थांबतं!

झुलू व्यूहाला ते रेड्याची उपमा देतात: मधली छाती समोरून भिडते, दोन शिंगं बाजूंनी वळसा घालतात, कंबर मागे राखीव. तसंच झालं. 24व्या पलटणीच्या कंपन्या छावणीपासून दूर, विरळ फळीत पसरल्या होत्या. मार्टिनी-हेन्री रायफलींनी छाती बराच वेळ अडवून धरली. काडतुसांच्या पेट्यांची झाकणं स्क्रूंनी घट्ट बसवलेली होती, ती उघडता आली नाहीत म्हणून पलटण मेली, ही गोष्ट इंग्लंडमध्ये शंभर वर्षं सांगितली गेली. पुढच्या अभ्यासकांनी ती बरीच खिळखिळी केली आहे. एक स्क्रू आणि सरकतं झाकण, लाथेने किंवा दस्त्याने सहज फुटणारं. मला ते पटतं. पेटीला दोष दिला की फळी तिथे कुणी पसरली आणि निम्मी फौज कुणी नेली, हे विचारायला नको, अशी त्या गोष्टीची सोय होती.

दुपारी शिंगं मागे येऊन मिळाली. त्याच सुमारास खंडग्रास सूर्यग्रहण लागलं. 24व्या पलटणीच्या फळीत लढणाऱ्या कंपन्यांतलं कुणी परत आलं नाही. एकूण 1,300 च्या वर माणसं मेली. त्यांत इंग्रजांच्या बाजूने लढणारे शेकडो आफ्रिकन होते. त्यांची नावं तर सोडाच, नीट आकडाही जुन्या स्मारकांवर सापडत नाही. झुलू बाजूचे एक हजाराहून जास्त पडले.

म्झिन्याथी नदी

आता निशाणाचं काय झालं ते. पहिल्या बटालियनचा रेजिमेंटचा कलर मागे हेल्पमकारच्या ठाण्यात होता. छावणीत होता तो राणीचा. दुसऱ्या बटालियनचे दोन्ही कलर छावणीत होते.

अ‍ॅडजुटंट (म्हणजे बटालियनप्रमुखाचे कारभारी साहाय्यक) लेफ्टनंट टेनमथ मेल्विल राणीचा कलर घेऊन घोड्यावरून नदीकडे निघाले. पुलेन यांनी त्यांना बोलावून ‘हा सुरक्षित ठिकाणी न्या’ असं सांगितलं, अशी कथा आहे. चित्रकारांनी तो प्रसंग रंगवलाही. अडचण एवढीच, की तो हुकूम देणारा आणि घेणारा दोघेही मेले, आणि ऐकणाऱ्याने लिहून ठेवलेलं काही नाही. कदाचित तसं झालं असेल. कदाचित मेल्विलना ते आपणहून सुचलं असेल, अ‍ॅडजुटंटच्या कामातच ते बसतं.

नाताळच्या हद्दीवरची म्झिन्याथी, म्हणजे इंग्रजांची बफेलो, पावसाने फुगली होती. मेल्विलचा घोडा प्रवाहात गेला. कलर हातात धरून ते एका खडकाला लटकले. त्याच पलटणीचे लेफ्टनंट नेव्हिल कॉगहिल यांच्या गुडघ्याला आधीच इजा झालेली होती. ते घोड्यासकट पलीकडे पोचले होते, वाचले होते. मागे वळून त्यांनी मेल्विलना बघितलं आणि घोडा परत पाण्यात घातला. किनाऱ्यावरून आलेल्या गोळीने घोडा मेला. दोघेही कसेबसे नाताळच्या काठावर आले, पण कलर हातातून निसटला होता. चढावर थोडं वर गेल्यावर दोघेही मारले गेले. मेल्विलचं घड्याळ 2 वाजून 10 मिनिटांनी बंद पडलेलं मिळालं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मेजर ब्लॅक यांच्या तुकडीला दोघांचे देह सापडले. 4 फेब्रुवारीला नदीचं पाणी उतरल्यावर खडकांमध्ये एक दांडा दिसला. ओढून काढला, तर कलर! तो नेऊन पहिल्या बटालियनचे प्रमुख कर्नल ग्लिन यांच्या हाती दिला.

छावणीतले मृतदेह मात्र तसेच पडून होते. 21 मे रोजी फौज पहिल्यांदा मैदानावर परत गेली तेव्हा इतरांचे अवशेष झाकले गेले, पण 24व्या पलटणीच्या लोकांना हात लावला नाही. आपली माणसं आपणच पुरू, असं ग्लिन यांचं म्हणणं होतं. ते काम जूनमध्ये झालं, म्हणजे पाच महिन्यांनी. निशाण तेरा दिवसांत घरी आलं होतं. मला या प्रकरणातली सर्वात बोचणारी गोष्ट हीच वाटते, आणि त्यात ग्लिन यांचा दोष काढायचा नाही. मैदान शत्रूच्या मुलखात होतं. तरी दोन तारखा शेजारी ठेवल्या की त्या बोलतात.

चौकशी आणि फुलांची माळ

27 जानेवारीला हेल्पमकारला चौकशी बसली. तिच्यापुढे छावणी शत्रूच्या हाती कशी गेली एवढंच आलं. सेनापतीने फौज का फोडली, कोट का केला नाही, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिले, आणि निष्कर्षही तिने दिला नाही. सकाळी छावणीत येऊन मेलेले कर्नल डर्नफर्ड यांच्या माथी बराचसा दोष गेला. मेलेला माणूस जबाब देत नाही. चेम्सफर्ड यांच्या जागी गार्नेट वुल्झली यांना पाठवलं गेलं. पण ते पोचून सूत्रं घेण्याच्या आत, 4 जुलैला, उलुन्डीची लढाई जिंकून चेम्सफर्ड मोकळे झाले. ऑगस्टअखेर सेट्शवायो पकडला गेला आणि वुल्झलींनी झुलू राज्याचे तेरा तुकडे केले.

ब्रिटनमध्ये पराभवाची बातमी पोचली तेव्हा लोकांना धरायला काहीतरी हवं होतं. दोन गोष्टी मिळाल्या: नदीतलं निशाण, आणि त्याच दिवशी झालेला रॉर्क्स ड्रिफ्ट या ठाण्याचा बचाव.

28 जुलै 1880 रोजी ऑसबर्न हाउसमध्ये तो कलर व्हिक्टोरिया राणीपुढे नेला. तिने सुकवलेल्या, न कोमेजणाऱ्या फुलांची एक माळ स्वतः त्याच्या दांड्याला बांधली. पुढे तशीच चांदीची माळ राणीच्या कलरच्या दांड्यावर कायमची आली. तोच कलर बटालियनने पुढे जवळपास अर्धशतक मिरवला, आणि 1930 च्या दशकात तो कॅथेड्रलमध्ये ठेवला. त्या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला होता 1923 मध्ये.

चिलियानवालात गेलेल्या कलरसाठी अशी माळ कुणी बांधली नाही, कारण माळ बांधायला दांडाच उरला नव्हता. आणि दुसऱ्या बटालियनचे इसान्डल्वानाला गेलेले ते दोन कलर? त्यांच्याबद्दल सामान्य वाचकाला कुणी सांगतही नाही. बटालियनला 1880 मध्ये जिब्राल्टरला नवे मिळाले. एकाच दिवशी, एकाच छावणीतून तीन कलर गेले; परत आला त्याचाच वारसा झाला.

मेल्विल आणि कॉगहिल यांचा निवाडा आणखी गमतीचा. 1879 च्या गॅझेटात लिहिलं, की ते जगले असते तर व्हिक्टोरिया क्रॉससाठी त्यांची शिफारस झाली असती. मरणोत्तर पदकाची तेव्हा रीत नव्हती. वुल्झलींना तर हे कौतुकच पटत नव्हतं: पायदळाचे शिपाई पायी मरत असताना अधिकाऱ्यांनी घोड्यावरून निघून जावं, हे त्यांना खटकत होतं. प्रश्न कठोर आहे, पण गैर नाही. मेल्विलच्या विधवेने पुढे एडवर्ड राजाकडे अर्ज केला, नियम बदलले, आणि 1907 मध्ये दोघांना पदक मिळालं. कॉगहिलबद्दल मला शंका वाटत नाही. वाचलेला माणूस दुसऱ्यासाठी परत पाण्यात घोडा घालतो, त्याला निशाणाची गरजच नाही.

आणि एक व्यावहारिक परिणाम. 28 जानेवारी 1881 रोजी लँग्ज नेक इथे बोअरांविरुद्ध 58व्या पलटणीने कलर घेऊन लढाई केली. ब्रिटिश पायदळाने लढाईत कलर नेण्याची ती शेवटची वेळ.

वेल्श कोण होतं?

इसान्डल्वानाच्या दुपारी सुरू होऊन दुसऱ्या पहाटेपर्यंत चाललेली रॉर्क्स ड्रिफ्टची लढाई जगाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. झुलू ज्याला क्वाजिम, म्हणजे जिमचं ठिकाण म्हणत, अशा एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात स्वीडिश मिशन होतं. तिथे दुसऱ्या बटालियनची बी कंपनी धरून दीडशेच्या आसपास माणसांनी तीन-चार हजारांना मक्याच्या पोत्यांच्या आणि बिस्किटांच्या पेट्यांच्या आडोशाने रोखलं. 17 मेले. 11 व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, त्यांतले सात 24व्या पलटणीला. राजाने नाताळात शिरू नका असं बजावलं असताना राजाचा भाऊ डबुलामान्झी चालून गेला होता. सकाळी मैदानात पडलेल्या जखमी झुलूंना मारण्यात आलं, हे पदकांच्या गोष्टीत क्वचित येतं.

1964 साली या लढाईवर एक इंग्रजी चित्रपट आला आणि जगभर गाजला. त्याचा निर्माता-नट वेल्श. सेट्शवायोची भूमिका केली मंगोसुथु बुथेलेझी यांनी. सेट्शवायो त्यांचे आईकडून पणजोबा. पडद्यावर वेल्श शिपाई ‘मेन ऑफ हार्लेक’ हे वेल्श गाणं गातात, आणि पलीकडून झुलू त्यांचं गाणं म्हणतात. प्रसंग अंगावर काटा आणतो. पण 1879 मध्ये पलटणीचं संचलनगीत ‘वॉरिकशर लॅड्स’ होतं. ‘मेन ऑफ हार्लेक’ नंतर आलं.

मग माणसं कुठली होती? रॉर्क्स ड्रिफ्टला हजर असलेल्या 24व्या पलटणीच्या 122 जणांची जन्मस्थानं अभ्यासकांनी शोधली आहेत: 49 इंग्लंडचे, 32 वेल्सचे, 16 आयर्लंडचे, एक स्कॉटलंडचा, तिघे परदेशी जन्मलेले, आणि 21 जणांचा पत्ता लागत नाही. वेल्सच्या आकड्यात मॉनमथशर धरलेलं आहे, आणि मॉनमथशर वेल्सचा की इंग्लंडचा हा वाद तेव्हा जिवंत होता. सात पदकवाल्यांत फ्रेडरिक हिच लंडनचा, हेन्री हूक ग्लॉस्टरशरचा. जॉन विल्यम्स मॉनमथशरचा, पण त्याचं खरं आडनाव फील्डिंग. भरती होताना त्याने नाव बदललं होतं.

म्हणजे चित्रपट खोटा का? अर्धा. 1873 पासून ब्रेकनला डेपो होता आणि दुसरी बटालियन 1878 मध्येच आफ्रिकेला आली, त्यामुळे तिच्यात वेल्सचे तरुण बरेच होते. पहिली बटालियन 1875 पासून तिथे होती, त्याआधीही बरीच वर्षं बाहेर, तिच्यात कमी. इसान्डल्वानाला मेली ती मुख्यतः ही कमी वेल्श बटालियन.

1 जुलै 1881 रोजी आणखी एका फेररचनेत पलटणींचे क्रमांक गेले आणि 24वी झाली ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’. लढाईला अडीच वर्षंही झाली नव्हती. नाव बदललं, आणि पदकं, स्फिंक्स, चांदीची माळ, मृतांची यादी असा सगळा संसार नव्या नावाखाली आला. यात कुणी कुणाला फसवलं असं मला म्हणायचं नाही. पुढच्या पिढ्यांनी ते नाव खरं करून दाखवलं. मेसोपोटेमियात कुतला वेढा पडला होता, आत 103व्या, 110व्या आणि 117व्या मराठा पलटणींचे लोक घोड्याचं मांस आणि अर्ध्या शिध्यावर दिवस काढत होते, तेव्हा तो वेढा उठवायला बाहेरून धडका देणाऱ्या फौजेत साउथ वेल्स बॉर्डरर्सची चौथी बटालियन होती. वेढा उठला नाही; 29 एप्रिल 1916 रोजी कुत पडलं. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेली एकमेव वेल्श बटालियन याच पलटणीची दुसरी बटालियन होती. हे लोक खरोखर वेल्सच्या दऱ्यांतले, खाणींतले होते, आणि त्यांना बराकीत रॉर्क्स ड्रिफ्टचीच गोष्ट सांगून मोठं केलेलं होतं.

1969 मध्ये वेल्च रेजिमेंटशी मिळून ‘रॉयल रेजिमेंट ऑफ वेल्स’ झाली, 1 मार्च 2006 रोजी, सेंट डेव्हिडच्या दिवशी, रॉयल वेल्च फ्युझिलिअर्सशी मिळून ‘रॉयल वेल्श’. प्रत्येक विलीनीकरणात वाटाघाटी व्हायच्या त्या बिल्ले, फिती, मानाचा बोकड आणि कांद्याच्या जातीच्या लीकच्या पातीवरून. हसू येतं, पण गणपतीत कुठल्या मंडळाचा मान पहिला यावरून जे होतं ते पाहिलेल्या माणसाने हसू नये. त्या बोकडाला तर हुद्दाही असतो: 2006 मध्ये सायप्रसला राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात शिस्त मोडली म्हणून लान्स कॉर्पोरल विल्यम विंडसर या बोकडाला खाली उतरवून फ्युझिलिअर केलं, आणि काही महिन्यांनी वागणूक सुधारल्यावर हुद्दा परत दिला. फौजेला आपला वारसा किती गंभीरपणे घ्यावा हे कळतं, असं म्हणावं की नाही, ते वाचकाने ठरवावं. चांदीची माळ मात्र सगळ्या विलीनीकरणांतून टिकली आहे.

मैदानाच्या दुसऱ्या बाजूला झुलूंना स्मारक मिळायला 1999 उजाडावं लागलं. इसान्डल्वानाच्या पायथ्याशी शौर्याबद्दल दिल्या जाणाऱ्या गळ्यातल्या माळेचं, म्हणजे ‘इसिक्वू’चं, ब्राँझचं मोठं रूप आहे. राजा गुडविल झ्वेलिथिनी यांच्या हस्ते ते उघडलं. 24व्या पलटणीच्या लोकांना जिथे जिथे पुरलं तिथे पांढऱ्या रंगाचे दगडांचे ढिगारे आहेत. त्यांच्यामध्येच ती माळ आहे.

रॉर्क्स ड्रिफ्टच्या पदकवाल्यांपैकी विल्यम जोन्स म्हातारपणी दारिद्र्यात गेला. त्याने पदक गहाण टाकलं होतं. रॉबर्ट जोन्स 1898 मध्ये बंदुकीच्या गोळीने मेला, निकाल आत्महत्येचा लागला, आणि हेरफर्डशरमधल्या चर्चच्या आवारात त्याच्या थडग्याचा दगड इतरांकडे पाठ करून उभा आहे. जॉन विल्यम्स सर्वांत शेवटी, 1932 मध्ये गेला.

आणि विल्यम ग्रिफिथ्स, अंदमानच्या लाटांतला. जन्म आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातला, पदक बंगालच्या उपसागरातलं, पलटण नावाने वॉरिकशरची. 22 जानेवारी 1879 ला तो इसान्डल्वानाच्या छावणीत दुसऱ्या बटालियनच्या कंपनीत होता. त्याचे अवशेष त्या पांढऱ्या ढिगाऱ्यांपैकी नेमक्या कुठल्या ढिगाऱ्याखाली आहेत हे कुणीच सांगू शकत नाही. त्याचं नाव आज वेल्सच्या पलटणीच्या पदकवाल्यांच्या यादीत आहे.